आतून भरलेले सांधे

१

त्या वर्षी माझी सकाळ ठरलेली होती. सव्वासातला आईचा चहा. साडेसातला तिची गोळी. ती गोळी आई जिभेखाली लपवायची आणि मी तोंड उघडायला लावून पुन्हा गिळायला लावायचे. मग तिच्या खोलीतल्या टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण, पाण्याची बाटली, खिडकीजवळ ओढलेली खुर्ची. आणि आठला पाच मिनिटं कमी असताना तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी.

कडी लावण्याआधी मी म्हणायचे, "आई, बाई येईल हं थोड्या वेळात."

"कोण बाई?"

"तुझ्याजवळ बसायला ठेवलीय ती."

"बरं," आई म्हणायची आणि दाराकडे तोंड करून बसायची.

बाई नव्हती. आधी दोन होऊन गेल्या. एकीला आईनं ताटली फेकून मारली, दुसरी तिसऱ्या दिवसानंतर आलीच नाही. मग एका दुपारी आई घराबाहेर पडली आणि भर चौकात, गाड्यांच्या मधोमध, हातात उशीचा अभ्रा घेऊन उभी असलेली सापडली. तिसरी बाई मिळेपर्यंत चार दिवस म्हणून मी कडी लावली. त्या चार दिवसांचे सात महिने झाले.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दूरच्या शहरात राहतो. तो दर रविवारी फोन करून विचारायचा, "बाई नीट बघते ना आईकडे?" मी सांगायचे, बघते. बाईचे गुडघे दुखतात, बाईच्या जावयाला नोकरी लागली, असंही सांगायचे. एकदा खोटं बोलायला बसलं की माणूस हात आखडता घेत नाही.

घरातून निघून मी गोदीत जायचे. तिथं आमचं जहाज होतं. दोनशे वर्षांपूर्वीची लाकडी लढाऊ नौका, तीन मजल्यांची, दोन्ही अंगांना तोफांच्या खिडक्या. शेवटची साठ वर्षं ती चिखलात रुतून होती. तिचं कोठार करून टाकलं होतं. आता ती सुक्या गोदीत टेकूंवर उभी होती. तिला नीट करून, शिडं चढवून, पुन्हा समुद्रात चालवायची आणि माणसांना तिच्यात फिरवून आणायचं, असं ठरलं होतं. पाण्यावर चालणारं संग्रहालय.

माझं काम लाकूड ऐकायचं. हातात लाकडी मोगरी घ्यायची, एकेक फळी ठोकायची. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा. टक-टक. टक. चांगलं लाकूड खणखणतं, किडलेलं भदभदतं. चांगल्यावर खडूनं बरोबरची खूण, किडलेल्यावर फुली. पंचवीस वर्षं हेच केलं. माझ्या फुलीवर कोणी वाद घालत नसे. खोट्याचा आवाज मला लगेच कळतो, असं मी गमतीनं म्हणायचे. हे कोणत्या तोंडानं म्हणायचे कोण जाणे.

२

जहाजाच्या अगदी तळाशी, पुढच्या टोकाला, एक खोली होती. पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ खाली. ओणवं होऊनच उभं राहता यायचं. लांबी सात पावलं, रुंदी चार. खिडकी अर्थातच नाही. दार जाड, आणि त्याला एकच कडी, बाहेरून. तिथं काय ठेवत असतील यावर सुतारांच्या पैजा लागल्या होत्या. दारूगोळा, दारूची पिंपं, राजाचा खजिना.

मिस्त्रींनी तिथलं आतलं अस्तर काढलं आणि मला बोलावलं. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य सुतार. साठीचे, बुटके. डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा.

"ताई, हे बघा जरा. माझी अक्कल गहाण पडलीय."

जहाजाच्या दोन फळ्यांमधल्या सांध्यात काथ्या ठासतात आणि वरून डांबर ओततात, म्हणजे पाणी आत येत नाही. हे काम नेहमी बाहेरून होतं. घराला रंग भिंतीच्या आतून देऊन बाहेरचा पाऊस थांबत नाही, तसंच ते. पण या खोलीतले सांधे आतून भरलेले होते. काथ्यानं नव्हे. काळ्या पडलेल्या कापडाच्या पट्ट्या, करंगळीएवढ्या जाड पिळलेल्या, इतक्या घट्ट ठासलेल्या की मिस्त्रींना पटाशी लावून त्या उचकटाव्या लागल्या.

"आळशी कामगार असतील," मी म्हणाले. "बाहेर लटकायचा कंटाळा आला असेल."

"असेल," मिस्त्री म्हणाले. "पण कापड का? जहाजावर काथ्याला काय तोटा?" त्यांनी एक पट्टी उलगडून बॅटरीच्या उजेडात धरली. तिच्या टोकाला बटणाचं काज होतं. "सदरा आहे हा."

मी सवयीनं मोजायला लागले. पट्ट्या जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत होत्या. त्याच्या वर नव्हत्या. फक्त एका कोपऱ्यात, दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, त्या थेट छताला टेकेपर्यंत होत्या.

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घ्यायचा प्रयत्न केला, तिथं आधीच एक होता.

३

या सगळ्या कामाचे प्रमुख साहेब होते. निवृत्त नौदल अधिकारी, माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या तारखेकडे बोट दाखवलं. जहाज पाण्यात सोडायची तारीख.

"तुम्ही काय लिहिता त्यावर आहे," ते म्हणाले. "जुना काथ्या लिहिलंत तर काथ्या. कापड लिहिलंत तर इतिहासवाले येणार, खोलीला दोरी लावणार आणि वर्षभर चहा पीत बसणार. मी तुम्हाला काही सांगत नाही."

खरंच त्यांनी काही सांगितलं नाही. म्हणून दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही.

मला काम संपायला हवं होतं. ते संपलं की मी घरी असणार होते, आणि कडीची गरज राहणार नव्हती. मी स्वतःला सांगितलं, की हे मी आईसाठी करतेय. अहवालात लिहिलं: "खालची पुढची खोली. सांध्यांत जुना काथ्या. काढून टाकला." मग दोन पोती भरतील एवढ्या पट्ट्या डांबर तापवायच्या भट्टीत टाकल्या. मिस्त्री शेजारी उभे होते. पट्ट्या पेटताना ओल्या कपड्यांचा वास आला. दोनशे वर्षं जुनं कापड, ओल्या कपड्यांचा वास.

"कुणाचं तरी होतं ते," मिस्त्री म्हणाले.

"कुणाचंच नाव नव्हतं त्यावर," मी म्हणाले. हे वाक्य आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

४

तीन दिवसांनी सांधे नव्या काथ्यानं बाहेरून भरून झाले आणि मी तपासायला खाली गेले. आतल्या बाजूला सगळं स्वच्छ असायला हवं होतं. एका सांध्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कापड होतं. वीतभर. निळं, त्यावर पांढरे ठिपके. नवं.

कोणीतरी थट्टा केली असणार. मी ते ओढून खिशात घातलं आणि सुतारांवर ओरडले. सगळ्यांनी शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोन विता कापड होतं, त्याच्या पुढच्या दिवशी हातभर. मी रोज सगळ्यांच्या आधी खाली जायचे, काढायचे, खिशात घालायचे. कोणाला सांगितलं नाही. पट्टीचा पीळ मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. तो डावा होता. उजव्या हाताचा माणूस उजवा पीळ देतो.

माझी आई डावरी आहे. तिनं तीस वर्षं शिडं आणि तंबू शिवायच्या कारखान्यात काम केलं. दोरा संपला की कापडाची कड फाडून, ती पट्टी मांडीवर डाव्या तळव्यानं गोल गोल फिरवायची आणि बघता बघता दोरी करायची.

त्या संध्याकाळी मी आईची खोली उघडली. ती खुर्चीत होती. तिच्या निळ्या गाऊनचा खालचा घेर गुडघ्यापर्यंत फाटून गेला होता.

"आई, हे काय केलंस?"

"भरायला घेतलं."

"काय भरायला?"

"पाणी येतं ना गं," ती म्हणाली. माझ्या मूर्खपणाची तिला कीव आली होती. "तू नसतेस. तुला काय माहीत."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी खोली पालथी घातली. गादीखाली, कपाटामागे, न्हाणीघराच्या जाळीत. फाडलेल्या कापडाची एक चिंधीही सापडली नाही. दाराखालची फट उघडीच होती. तिच्यातून बाहेरच्या खोलीतला उजेड आत येत होता.

माझी बुद्धी अजून शाबूत होती. तिनं मला कारणं दिली. आईनं तुकडे खिडकीतून टाकले असतील. तसलं ठिपक्याचं कापड गल्लोगल्ली मिळतं. एखादा सुतार डावरा असेल. ही कारणं मी मिस्त्रींसमोर मांडू शकले असते, ते हसून म्हणाले असते, ताई, झोप काढा. पण मांडायची तर आधी सांगावं लागलं असतं, की ते कापड माझ्या आईच्या गाऊनसारखं आहे, आणि आई दिवसभर एकटी काय करते ते मला ठाऊक नाही. आणि का ठाऊक नाही.

मी तिला दुसरा गाऊन घातला. पिवळा. दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत पिवळी पट्टी होती.

५

पुढच्या आठवड्यात मी जहाजाला बाहेरून शेवटचं ठोकून घेत होते. गोदीच्या कोरड्या तळाशी उभी राहून, डोक्यावर ते अवाढव्य पोट. पुढच्या टोकाला आले. टक-टक. टक. फळी खणखणली. मी खूण केली.

आतून आलं: टक-टक. टक.

माझा खडू खाली पडला. बाजूला मिस्त्री होते, त्यांनीही मान वर केली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. मीच आत्ता बंद करून आलो."

"पुन्हा ठोकू?"

"नका," मिस्त्री म्हणाले. मग थोडं थांबून, फळीकडे बघतच म्हणाले, "ताई, त्या दाराची कडी मी काढून टाकतो. दार तर दार, कडी कशाला?"

त्यांनी खरंच काढली. पण दोन दिवसांनी साहेब पाहणीला आले आणि म्हणाले, कडी परत बसवा, मूळची आहे, लोकांना तेच बघायचं असतं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तपासनीस मी होते. माझ्या एका शब्दानं ती कडी बसली नसती. मी म्हणाले, "बसवा."

त्याच दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला अडवलं. भल्या बाई, पण कान तीक्ष्ण.

"अगं, तुमच्याकडे दिवसभर ठोकाठोक काय चालते? सुतार लावलाय का?"

"कसली ठोकाठोक?"

काकूंनी जिन्याच्या कठड्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. दोनदा लागोपाठ, मग थांबून एकदा.

"नऊ-साडेनऊला सुरू होते ती पार चारपर्यंत. आईजवळ असतं ना गं कोणी?"

"हो, बाई असते की."

"कधी दिसली नाही ती मला," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण चोराच्या मनात चांदणं. मी उरलेला जिना धावतच चढले.

६

जहाज पाण्यात सोडायचा दिवस उजाडला. सकाळी दहाला गोदीत पाणी सोडणार होते. दादा खास तरंगतं जहाज बघायला दुपारच्या गाडीनं येणार होता. मी ठरवलं होतं, आज दुपारपर्यंत शेवटचं. दादा यायच्या आत घरी पोचायचं, दार उघडायचं आणि सांगायचं, बाई आत्ताच गेली.

"आई, बाई येईल हं."

आई आज "बरं" म्हणाली नाही. तिनं माझा हात धरला. "तिला लवकर पाठव. खूप जण आहोत आणि हात कमी पडतात."

मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि कडी लावली.

लाकडी जहाज पाण्यात पहिल्यांदा उतरलं की गळतंच. लाकूड फुगेपर्यंत सांध्यांतून पाणी झिरपतं. म्हणून प्रत्येक खोलीत दोन-दोन माणसं पहाऱ्याला असतात. खालच्या खोलीत मी एकटीच गेले. मिस्त्री यायला निघाले तेव्हा मी म्हणाले, तुम्ही मधल्या मजल्यावर थांबा. तिथं पट्ट्या सापडल्या असत्या तर त्या माझ्याखेरीज कोणी पाहायला नको होत्या.

गोदीत पाणी आल्याचं आधी कानांना कळलं. बाहेरून एक लांब घसरता आवाज, मग टेकूंची करकर. मग तळ हलला. वर माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला फार लांबून ऐकू आल्या. मी बॅटरी फिरवत होते. सांध्यांवर घामासारखे थेंब आले, त्यांचे ओघळ झाले. इतपत ठीक होतं. मग पायाला गार लागलं. पाणी घोट्यापर्यंत होतं. इतक्या लवकर यायला नको होतं.

मी दाराकडे गेले. ते बंद होतं. ढकललं. हललं नाही. खांद्यानं ढकललं. बाहेर कडी वाजली, लागलेल्या कडीचा तो बसका आवाज. तो मी सात महिने रोज ऐकला होता, पण नेहमी दाराच्या दुसऱ्या बाजूनं.

मी ओरडले. वर बँड वाजत होता. मी मोगरीनं दार ठोकलं. टक-टक, टक. टक-टक, टक. मला दुसरं ठोकताच येत नव्हतं. कोणी तरी येईल, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि ते वाक्य कुणाचं आहे हे मला कळत होतं.

पाणी गुडघ्याला लागलं. तेव्हा मागं कापड फाटल्याचा आवाज झाला. टर्रकन, सरळ, शिवणकाम जाणणारा माणूस फाडतो तसं.

मी बॅटरी वळवली. कोपऱ्यात कोणी तरी ओणवं होतं. पाठ माझ्याकडे. पांढरे केस, मधोमध विरळ झालेला भांग, जो मी रोज सकाळी विंचरायचे. डावा तळवा गोल गोल फिरत होता.

"आलीस का गं, बाई?" वळून न बघता ती म्हणाली. "मुलगी म्हणाली होती येशील. रोज म्हणते."

मला एवढंच म्हणायचं होतं, की आई, मी आहे. तीन शब्द. तोंड उघडलं आणि लाजेनं जीभ टाळ्याला चिकटली. मी आहे म्हटलं असतं, तर तिनं वळून विचारलं असतं, मग बाई कुठं आहे?

"हो," मी म्हणाले. "आले."

"धर मग," ती म्हणाली आणि हात मागं करून ओली पट्टी पुढं केली.

ती घेताना बॅटरी थोडी कलली. तिच्या पलीकडं उजेड पडला. खोली सात पावलांची होती, मी स्वतः मोजलेली. तिथं भिंत असायला हवी होती. तिथं पाठी होत्या. ओणव्या, उघड्या, ओल्या, एकीला लागून एक. त्यांच्यातल्या कोणाच्याच अंगावर कपडे उरले नव्हते, आणि सगळ्यांचे हात चालू होते. त्यातलं कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

बॅटरी पाण्यात पडली. अंधारात मी पट्टी घेतली, हातानं सांधा चाचपला आणि ठासायला लागले.

७

मिस्त्रींनी दार उघडलं तेव्हा पाणी कमरेला होतं. त्यांनी मला दंडाला धरून वर ओढलं.

"कडी लागलेली होती, ताई," ते म्हणाले. "बाहेरून. आणि वरची सगळी माणसं माझ्या नजरेसमोर होती. एक माणूस खाली आलेला नाही."

त्यांनी खोलीत उजेड टाकला. मी पाहिलं नाही. ते बराच वेळ बघत राहिले, मग हळूच दार पुढं ओढलं. लावलं नाही, नुसतं ओढलं.

मी ओल्या कपड्यांनी घरी धावले. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं होतं. दादा सकाळच्याच गाडीनं आला होता, मला चकित करायला. त्याच्याकडे घराची किल्ली होती. आईच्या खोलीची कडी त्यानं काढली होती. आई खुर्चीत बसली होती आणि तो टॉवेलनं तिचे केस पुसत होता. तिचा गाऊन कमरेपर्यंत भिजलेला होता, आणि खोलीभर गोदीच्या पाण्याचा, डांबराचा वास होता. फरशी कोरडी ठणठणीत.

"नळ उघडून बसली वाटतं," दादा म्हणाला. मग माझ्या कपड्यांकडं बघून थांबला. "कडी बाहेरून होती. बाई कुठंय?"

मी काही बोलायच्या आत आईनं माझ्याकडे बोट केलं. "ही काय बाई. आत्तापर्यंत माझ्याजवळच होती. मुलीनं पाठवलीय."

दादाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "हिला आता तूही ओळखू येत नाहीस का गं?"

मला वाट मोकळी होती. नुसतं म्हणायचं, की बाई औषध आणायला खाली गेली आहे, कडी तेवढ्यापुरती लावली असेल. त्यानं विश्वास ठेवला असता. तो नेहमी ठेवायचा.

"बाई नव्हतीच, दादा," मी म्हणाले. "कधीच नव्हती. कडी मी लावते. रोज. सात महिने."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं टॉवेलची नीट घडी केली, आईला धरून बाहेरच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि मला म्हणाला, "लाव."

"काय?"

"कडी. लाव."

तो आत जाऊन उभा राहिला. मी दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. आतून काही आवाज आला नाही. ना हाक, ना ठोकणं. मला किती वेळ झाला कळेना. मी काढली तेव्हा तो आईच्या खुर्चीत, दाराकडे तोंड करून बसलेला होता. माझ्या अंगावरून निघून गेला. त्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढं पुष्कळ दिवस नाही.

८

आईला तो आपल्या घरी घेऊन गेला. मी अहवाल पुन्हा लिहिला. त्यात कापड लिहिलं, काज लिहिलं, छताला टेकलेला कोपरा लिहिला, भट्टी लिहिली. साहेबांनी तो वाचून फाइलला लावला आणि माझ्या जागी दुसरा माणूस आणला. जहाज आता चालतं. मी किनाऱ्यावरून एकदा पाहिलं, सगळी शिडं फुगलेली, कठड्याला माणसं. मिस्त्री अजून त्याच्यावर आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं, की खालच्या खोलीत ते पाहुण्यांना नेत नाहीत, आणि तिथला पंप कधी बंद करत नाहीत. मी पुढचं विचारलं नाही.

दादा मला महिन्यातून एकदा येऊ देतो. परवा गेले तेव्हा आई गॅलरीत उन्हात बसली होती. तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. वहिनीनं दोघींसाठी चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

"बस गं, बाई," आई म्हणाली. ती मला दुसऱ्या कोणत्याच नात्यानं ओळखत नाही. मी पहिल्या दोन वेळा सांगून पाहिलं. ती घाबरते, रडते. आता सांगत नाही.

मी तिची नखं कापत होते. कितीही घासलं तरी त्यांच्या कडेला बारीक काळी रेघ राहते, डांबराची. कापता कापता ती माझ्या कानाशी वाकली.

"तुला म्हणून सांगते. इथं कुणाला बोलू नकोस. मी वर आले, पण माझी मुलगी खालीच आहे अजून."

माझा हात थांबला. "खाली कुठं?"

"त्यांच्यात. हात चांगला आहे तिचा, पटपट भरते. दार उघडलं होतं गं तिच्यासाठी, मी पाहिलं. पण वर यायला लाजते." ती गॅलरीच्या फरशीकडे बघत राहिली. "पाणी कुठवर आलं असेल आता?"

पाय आखडून घ्यावेसे वाटत होते, तेवढे मी घेतले.

आईनं माझा हात धरला. "येईल ना गं ती वर?"

"येईल, आजी," मी म्हणाले.